तारमास्तरांनी ओळखलेला हात

मास्तर वाचता वाचता खुर्चीतून उठले की आमच्या ऑफिसात कुणी बोलायचं नाही. तसा काही नियम नव्हता. पण ते सहसा उठायचेच नाहीत. सकाळी साडेदहाला खिडकीजवळच्या टेबलाशी बसले की डबा खायच्या वेळेपर्यंत बसलेले. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर स्क्रीन आणि उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर टकटक करत असलेलं. मग एखाद्या नोंदीपाशी ते बोट थांबायचं. मास्तर सावकाश उभे राहायचे, शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायचे आणि उरलेली नोंद उभ्यानं वाचायचे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. कारण आधी ज्या दोघांच्या नोंदी त्यांनी उभ्यानं वाचल्या होत्या, त्यांतल्या एकीचे वडील त्याच आठवड्यात वारले होते आणि दुसऱ्याला दवाखान्यात भरती करावं लागलं होतं.

मी विचारलं, तर म्हणाले, "मौतीची तार बसून घेऊ नये. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

"पण मास्तर, ही तार नाही. आणि यात मौतीचं काहीच लिहिलेलं नाही."

"ते खरंय ताई. पण पाय आपोआप उठतात, त्याला मी काय करू?"

त्यांची सगळी नोकरी तार ऑफिसात गेली. बहात्तरच्या दुष्काळात ते नवे नवे चिकटले आणि 'कट्ट कड' करणारं यंत्र अडगळीत गेलं तरी निवृत्तीपर्यंत तिथंच राहिले. आमच्याकडे आले तेव्हा पासष्टी ओलांडली होती. आमचं ऑफिस गारखेड्यात, फरशीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. ऑनलाइन मानसोपचार असं काही असतं हे शहरात फार लोकांना माहीत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. पेशंटनं मोबाइलवर छोटे छोटे पाठ वाचायचे. मनात आलेला विचार रोज लिहायचा, त्यानं काय वाटलं ते लिहायचं, तो विचार कितपत खरा, त्याला पुरावा काय, हे स्वतःच तपासायचं. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्या पायऱ्या पाडायच्या आणि एकेक चढायची. मी आणि आणखी दोघी समुपदेशक होतो. नोंदी वाचून आठवड्यातून दोनदा उत्तर लिहायचं, हे आमचं काम. वर एक डॉक्टरबाई होत्या, त्या सगळ्यांवर नजर ठेवायच्या.

मास्तरांना त्यांनीच आणलं, पाठांची भाषा कापायला आणि ती पेशंटला कळते का हे नोंदी वाचून पाहायला. पुण्याहून भाषांतर होऊन आलेल्या पाठात एक वाक्य होतं, 'आपल्या मनात उद्भवणाऱ्या स्वयंचलित नकारात्मक विचारांची सविस्तर नोंद करावी.' मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खाली लिहिलं, 'मनात काय आलं? लिहा.' एवढं लिहून डॉक्टरबाईंना म्हणाले, "शब्दाला पैसे पडतात असं समजून लिहावं. घाबरलेला माणूस लांब वाक्य पार करू शकत नाही."

आम्ही सगळ्यांनी आपापली नोंद करून पाहायची, असं सुरुवातीला ठरलं होतं. मास्तरांनी परिस्थितीच्या रकान्यात लिहिलं, 'बसलो आहे.' विचाराच्या रकान्यात, 'काही नाही.' भावना किती टक्के, या प्रश्नावर मात्र चिडले. "टक्क्यांत मोजायला ती काय सोयाबीनची ओल आहे?" तरी पुढं पुढं तेच टक्के ते आमच्यापेक्षा जास्त बारकाईनं वाचायला लागले. आकड्यापेक्षा तो लिहायला किती वेळ लागला याकडे त्यांचं लक्ष असायचं. नोंद कधी उघडली, कधी पाठवली, हे आमच्या यंत्रणेत दिसत असे. आम्ही तिकडं कधी पाहतही नव्हतो.

'ऑनलाइन' हा शब्द त्यांनी कधीच वापरला नाही. "देवगाव रंगारीचा माणूस तारेवर आहे," असं म्हणायचे. हा माणूस औषधाच्या दुकानात बसायचा आणि दिवसातून पन्नास वेळा हात धुवायचा. त्या वर्षी गावात टँकरचं पाणी आठवड्यानं यायचं. घरातलं प्यायचं पाणीही तो हातांवर ओतायचा आणि पिंप संपलं की तळवे भिंतीला घासायचा. एके दिवशी त्याच्या नोंदी वीस वीस मिनिटांनी येऊ लागल्या. मी रजेवर होते. मास्तरांना उत्तर लिहायची परवानगी नव्हती, तरी त्यांनी लिहिलं: 'हात स्वच्छ आहेत. पाणी ठेवा.' नोंदी थांबल्या. मास्तर दिवसभर खूश. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्यांना समोर बसवलं. "मास्तर, हात स्वच्छ आहेत असं आपण सांगितलं की त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि उद्या तो पुन्हा विचारतो. तो आजार धीर देण्यावरच पोसतो. त्याला शंकेसकट बसायला शिकवायचंय." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "म्हणजे माझी गफलत झाली." तेव्हापासून एकाही पेशंटला त्यांनी अक्षर लिहिलं नाही.

त्यांच्या तारेच्या गोष्टींपैकी एक मला अजून नकोशी वाटते. तारेवर बसणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो म्हणे. कोण कुठं रेंगाळतो, कोण कुठली खूण तोडतो, यावरून पलीकडचा माणूस ओळखू येतो. जालन्याच्या बाजूच्या एका ऑफिसात त्यांचा एक दोस्त होता. चेहरा कधी पाहिला नव्हता, अकरा वर्षं नुसता हात ओळखीचा. तो दोस्त वारल्याची तार मास्तरांनीच घेतली. आणि त्यानंतर बाराव्या दिवशी दुपारी त्याच ऑफिसातून त्याच हातानं तार यायला लागली. तोच रेंगाळणारा शेवट, तीच घाईची सुरुवात.

"मी यंत्रावरचा हात उचलला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो," मास्तर सांगायचे. "पाणी प्यालो. परत आलो तरी सुरूच."

"मग कोण होतं?"

"त्याचा मुलगा. बापाच्या जागेवर घेतला होता. घरी बापानंच शिकवलेलं. खैर. पण ताई, खुलासा झाला म्हणून ती दुपार माझ्या अंगावरून उतरली असं नाही."

माझ्याकडे तेव्हा चितेगावची एक मुलगी होती. चोवीस वर्षांची. वाळूजच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामाला होती. कंपनीच्या बसमध्ये एकदा तिला छातीत धडधडून घाम फुटला, श्वास कोंडला. दवाखान्यात हृदय ठणठणीत निघालं. पण पुन्हा तसंच होईल या भीतीनं तिनं बस सोडली आणि मग घराबाहेर पडणंच सोडलं. घरात ती आणि आई. पहिल्या आठवड्यात आम्ही दोनदा फोनवर बोललो. मग तिनं कळवलं की आई घरात असते, फोनवर मोकळं बोलता येत नाही, लिहूनच बोलू. आम्ही दोघींनी मिळून पाच पायऱ्या पाडल्या. फाट्यावर दहा मिनिटं उभं राहायचं. बसनं नक्षत्रवाडीपर्यंत जायचं. मग रेल्वे स्टेशनपर्यंत. मग गर्दीच्या वेळी तोच प्रवास. पाचवी पायरी, कारखान्याचं गेट.

दोन पायऱ्या झाल्या आणि ती दहाबारा दिवस गप्प झाली. मग निरोप आला: 'परत पयल्या पायरीपासून करते.' मी लिहिलं, चालेल, उजळणी चांगलीच. त्यानंतर नोंदी नियमित येऊ लागल्या. पूर्वी लांबलचक लिहायची, आता दोन ओळी. 'फाट्यावर उभी राहिले. लई ऊन. भीती ६०. मग ४०.' पूर्वीची पुस्तकी भाषा गेली होती. मला वाटलं, मोकळी होतेय. 'पेशंट आता स्वतःच्या बोलीत लिहू लागली आहे,' असं मी अहवालात मोठ्या कौतुकानं लिहिलं. आकडे उतरत होते. दर खेपेला मी शाबासकी देत होते.

नोंदी पुन्हा सुरू झाल्याच्या सातव्या आठवड्यात, मे महिन्यातल्या एका सकाळी मास्तरांचं बोट थांबलं. मी समोरच होते. ते उठले, बटण लावलं.

"ही चितेगावची तुमची ना?"

"हो. चौथी पायरी केली तिनं. छान चाललंय."

त्यांनी वाचून दाखवलं. "परिस्थिती, गर्दीच्या बसमध्ये. विचार, खिडकीची जागा मोकळी ठेवली. भावना, रकाना कोरा."

"गर्दीत बसायला शिकतेय ती."

"गर्दीच्या बसमध्ये खिडकीची जागा कुणासाठी मोकळी ठेवतात, ताई?" ते स्क्रीनकडेच बघत होते. "ही पोरगी एक नोंद चार मिनिटांत लिहायची. भावनेपाशी अडायची, बाकी सरसर. सात आठवड्यांपासून एकेका नोंदीला पाऊण तास लागतोय. एकेक अक्षर शोधून लिहिलेलं. माणूस बरा झाला म्हणून त्याचा हात बदलत नाही. हा हात दुसरा आहे. घरचाच आहे, पण दुसरा."

"मग ती कुठंय?"

मास्तरांनी माझ्या फोनकडे बोट केलं.

मी तिथूनच फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी उचलला. पलीकडे पिंपात पाण्याची धार पडत होती. मी तिचं नाव घेतलं. धार पडतच राहिली. पुन्हा नाव घेतलं तेव्हा श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला. दोन मिनिटांनी निरोप आला, एका शब्दाचा: 'लिवा.'

डॉक्टरबाईंना सांगून आम्ही दोघं माझ्या स्कूटीवरून निघालो. पैठण रोडला दुपारी बाराचं ऊन. दोन्ही बाजूंच्या पडीक रानात प्लॉटच्या चुना मारलेल्या खुणा, त्यांवर रंगीत झेंडे, कमानी उभ्या केलेल्या आणि कमानीच्या आत काहीच नाही. वारा नव्हता, तरी एका कमानीला बांधलेला कापडी फलक हळूहळू हलत होता. मास्तर मागे बसून माझ्या सीटच्या कडेवर बोट आपटत होते. चितेगावच्या अलीकडे ते आपटणं थांबलं आणि मला स्कूटी वळवून परत जावंसं वाटलं.

घर गल्लीच्या टोकाला. दार उघडंच होतं. आत पत्र्याखाली एक पन्नाशीची बाई दाराकडे तोंड करून बसली होती, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. समोरच्या भिंतीवर मुलीचा फोटो. माझ्याकडच्या नोंदीला लावला होता तोच. त्याला हार. फोटोखाली फळीवर तिचा मोबाइल चार्जिंगला लावलेला, आणि स्क्रीनवर आमचा पाठ उघडा: 'मनात काय आलं? लिहा.'

माझे पाय उंबऱ्यातच राहिले. सात आठवडे मी या फोटोशी बोलत होते.

"तुमी त्या लिवणाऱ्या ताई का?" बाई म्हणाली. "या. मला वाटलंच व्हतं, येक दिवस येताल."

तिनं पिंपातून दोन पेले भरून पाणी आणलं. काठोकाठ. मास्तरांनी दोन्ही हातांनी पेला घेतला आणि जमिनीवर बसले. मी विचारलं, "मावशी, ती फाट्यावर उभी होती का? मी सांगितलं म्हणून?"

"नाय वो. दळण आणायला गेली व्हती. पाण्याचा टँकर मागं येत व्हता, त्यानं..." तिनं हात आडवा फिरवला. "तुमच्या पायरीवर नाय गेली ती."

मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला अजून वाटते.

"दहाव्याच्या दिवशी फोन वाजला," ती सांगू लागली. "बघितलं तर तुमचं. आज कसं वाटतंय? असं. लोकं येऊन बसायचे, पर असं कुणी इचारलं नव्हतं. म्या चौथी शिकलेले. बसले अक्षरं जुळवत."

"पण तिच्या नावानं कशाला?"

"तिचंच व्हतं की ते. पाच पायऱ्या व्हत्या, दोनच झाल्या. पोरीचं काम अर्धं कसं ठिवायचं?"

"म्हणजे तुम्ही मनानंच लिहीत होतात?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. रागावली असावी. "खोटं कशाला लिवू? जाऊन आले, मंग लिवलं. फाट्यावर उभी राहिले. नक्षत्रवाडीला गेले. टेशनला गेले. म्या जन्मात येकटी बसमदी बसले नव्हते." ती थोडी पुढं सरकली आणि आवाज खाली आणला. "ताई, बसमदी माझ्या छातीत धडधड व्हायची. हात गार पडायचे. मला कवाच असं व्हत नव्हतं. ती तिची व्हती. ती सांगायची तवा म्या म्हणायचे, काय नाय व्हत, नाटकं करू नगं. आता कळलं, असं व्हतं तिला."

बाहेर गल्लीत कुणीही नव्हतं. पत्रा तापून मधूनच कट्ट आवाज करत होता, आणि प्रत्येक आवाजाला मास्तर मान वळवून वर बघत होते.

"आता एकच पायरी राहिली," मास्तर म्हणाले. आत आल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"व्हय. कंपनीचं गेट."

"ती झाली की मग काय करणार?"

"मंग काय." तिनं फोटोकडे पाहिलं. "मंग माझं काम सपलं."

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की मला आधी त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. मास्तरांना आलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"बाई, स्पष्ट विचारतो. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडवलं. मग तिनं मान हलवली. हो म्हणून.

"बरं झालं सांगितलंत," मास्तर म्हणाले. "आता पाचवी पायरी राहू द्या. आणि आज तुम्हाला एकटं ठेवून आम्ही जाणार नाही."

आम्ही गेलो नाही. मी डॉक्टरबाईंना फोन केला. शेजारी राहणाऱ्या तिच्या जावेला बोलावलं, सगळं सांगितलं. चार वाजता डॉक्टरबाई स्वतः गाडी घेऊन आल्या आणि मावशींना दवाखान्यात घेऊन गेल्या. पुढचे काही महिने त्या दर गुरुवारी समोरासमोर बसून उपचार घेत होत्या, गोळ्याही होत्या. मोबाइलवरचे पाठ एवढ्या मोठ्या गोष्टीला पुरणारे नव्हते, हे डॉक्टरबाईंनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं. पेशंट आठवडाभर गप्प झाला तर आवाज ऐकल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा नियमही तेव्हाच झाला. मुलीचं खातं बंद करायचं ठरलं तेव्हा मास्तर अडून बसले. "एक तार बंद करताय, तर दुसरी जोडा. तिला लिहायची सवय लागलीय." डॉक्टरबाईंनी विचार केला आणि मावशींच्या नावानं नवं खातं उघडलं.

मास्तर पुढं दीडेक वर्षच होते. डोळे गेले आणि यायचे थांबले. मी भेटायला जायचे तेव्हा, आता कोण कोण तारेवर आहे, असं विचारायचे. ऑफिसच्या खिडकीतून पूर्वी डोंगर दिसायचा, आता समोरच्या इमारतीची गच्ची दिसते म्हणून मी कुरकुर केली, तर म्हणाले, "मला दोन्ही सारखंच." ते वारले तेव्हा मी गावात नव्हते. मावशींनी पाचवी पायरी, आम्ही त्यांच्या घरी गेलो त्याच वर्षी, दिवाळीनंतर केली. मी बरोबर होते. गेटसमोर दहा मिनिटं उभ्या राहिल्या, आत जाणाऱ्या पोरींकडे बघितलं, मग म्हणाल्या, चला. आता त्या चितेगावातच एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतात.

पण मास्तर म्हटले की मला नवं खातं उघडल्यानंतरची पहिली सकाळ आठवते. साडेअकराला नोंद आली. मास्तरांनी वेळ पाहिली. लिहायला एक तास पन्नास मिनिटं लागली होती.

परिस्थिती: घरी.
विचार: पोरगी गेली.
भावना: १००.
विचार खरा असल्याचा पुरावा: फोटो.
विचार खरा नसल्याचा पुरावा: नाय.

मी उत्तर लिहायला बसले. चार वाक्यं लिहिली, पुसली. पुन्हा लिहिली, पुसली. शिकलेलं सगळं शिल्लक होतं आणि त्यातलं एकही वाक्य पाठवण्यासारखं नव्हतं. शेवटी मास्तरांकडे वळले. "काय लिहू?"

"हे तपासायला पाठवलेलं नाही," ते म्हणाले. "नुसतं पोचलं म्हणून कळवा."

मी लिहिलं, 'मिळालं.' आणि पाठवून दिलं.

आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. खाली दुकानात फरशी कापायचं यंत्र सुरू होतं, ते थांबलं, पुन्हा सुरू झालं. पंचवीस मिनिटांनी चितेगावहून उत्तर आलं.

'बरं. आता भाकर टाकते.'